तिसरी हाक

लालबागला भिवाशेटच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून पहिली खोली मालन राऊळची. जिन्यालगतची खोली मिळणं म्हणजे काही सुख नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांची धूळ तुमच्या उंबऱ्यात, कुणाच्याही भांडणाचा पहिला शब्द तुमच्या कानात, आणि दुपारी जरा डोळा लागतोय तोच कुणीतरी दारात उभं. पण सीताराम राऊळ लग्न करून मालनला मुंबईला घेऊन आला तेव्हा तीच खोली रिकामी होती. मालन अख्ख्या मजल्याची चावीवाली झाली ती त्या जिन्यामुळे. कुणी तिला नेमलं नव्हतं, तिनंही मागून घेतलं नव्हतं.

बाहेर पडणाऱ्या बायकांना जाताजाता चावी टाकायला तिचं दार सोयीचं. सीतारामनं दारामागे एक खिळा ठोकला, मग दुसरा, मग एक अख्खी फळीच मारली. गंगुवहिनींच्या चावीला परकराच्या नाडीचा तुकडा बांधलेला असे, तांडेलांच्या चावीला बाटलीचं बूच. न बघता, नुसत्या बोटांनी मालन चावी ओळखायची.

आणि चावी ठेवणं म्हणजे काय नुसती चावी ठेवणं? कुणाचा गॅस चालू राहिला तर जाऊन बंद करायचा. कुणाचं दूध आलं तर तापवून ठेवायचं. शाळेतून पोरं आली की "काकी, चावी!" म्हणून दारावर बोटांची टकटक व्हायची. मालन कितीही कामात असो, एका हाकेत चावी हातात पडायची आणि वर कधी लाडू, कधी धपाटा. गंगुवहिनींचा दीपक तर चावी न घेता तिथंच जेवून झोपून जायचा. मालनला मूल नव्हतं. ते दुःख होतंच, पण त्याचा विचार करत बसायला दुपार मोकळी सापडायची नाही.

तिला काय मिळायचं? विचारलं असतं तर ती हसली असती. तिचं पाणी न सांगता भरलं जायचं. सीतारामच्या छातीत कळ आली त्या दिवशी तिनं कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती, तरी चौघांनी त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं आणि गंगुवहिनी अनवाणी टॅक्सीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. सीताराम वाचला नाही. पुढं कित्येक दिवस गंगुवहिनी रात्री स्वतःची वळकटी घेऊन मालनकडे झोपायला येत. याची परतफेड कशी करायची असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण उद्याही सगळे तिथंच असणार होते, आणि परवाही.

मग चाळ पाडायची ठरली. भाडं घ्या आणि टॉवर उभा राहीपर्यंत हवं तिथं जा, असं सांगितलं गेलं. कुणी बदलापूरला गेलं, कुणी विरारला, तांडेल अँटॉप हिलला मेव्हण्याकडे. टेंपो लागले, कपाटं उतरली, बायका रडल्या. आणि त्या दिवशी या शहाण्या माणसांनी एक वेडेपणा केला. बिल्डरचा माणूस खाली खोल्यांचा ताबा घ्यायला बसला होता, चाव्या त्याच्याकडे द्यायच्या होत्या. पण जो तो आपल्या रिकाम्या खोलीला कुलूप घालायचा, जिन्यापाशी यायचा आणि सवयीनं चावी मालनच्या हातात ठेवायचा. "येतो हां काकी." मालननंही सवयीनं ती खिळ्याला अडकवली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बिल्डरच्या माणसानं संध्याकाळी कुलपं फोडली तेव्हा सगळे आपापल्या टेंपोत होते. मालन फळीसकट चाव्या घेऊन सगळ्यात शेवटी उतरली.

ती लांब गेली नाही. करी रोडलाच एका उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं जागा मिळाली. खिडकीतून चाळीची जागा दिसायची, म्हणजे तिच्याभोवतीचे पत्रे दिसायचे आणि पत्र्यांच्या आत खणलेला खड्डा. नव्या दारामागे तिनं फळी लावून घेतली. सुतारानं विचारलं, "एवढ्या चाव्या कसल्या, काकू?" मालन म्हणाली, "शेजाऱ्यांच्या." तो मान हलवत खिळे ठोकत राहिला.

जुन्या चाव्यांच्या खाली एक ओळ तिनं मुद्दाम मोकळी ठेवली होती. पहिल्या आठवड्यात ती मजल्यावरच्या सगळ्या दारांत जाऊन आली. बेल दाबायची, दार फटीएवढं उघडायचं, आणि ती म्हणायची, "मी समोरची. चावी ठेवायची झाली तर माझ्याकडे ठेवत जा, मी घरातच असते." एकीनं "नो थँक्यू, आंटी" म्हणून दार लावलं. बाकीचे हसले. पण फुकटची सोय कुणाला नको असते? हळूहळू खालच्या ओळीतही चाव्या लटकू लागल्या. मालनला वाटलं, जमलं. माणसं सगळीकडे सारखीच.

माणसं सारखी असतीलही, पण तिथं ती टिकत नव्हती. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपायचा आणि दारावरची पाटी बदलायची. नवं माणूस ओळखीचं होतंय तोवर त्याचे खोके बांधून तयार. शेजारच्या राजेशचं बिऱ्हाड त्यातल्या त्यात बोलकं. त्यांची पार्सलं मालन घ्यायची, कामवालीला दार उघडून द्यायची, त्यांच्या पोरीला बसमधून उतरवून आणायची. मालनला ताप भरला तेव्हा तिनं राजेशला गोळ्या आणायला सांगितल्या. "उद्या बघतो हां काकू," तो म्हणाला. उद्या त्यांचा ट्रक आला. जातो असंही कुणी म्हणालं नाही.

दोन दिवसांनी एक तरुण आला, राजेशचा मित्र आहे म्हणाला, काही सामान राहिलंय म्हणाला. मालननं चावी दिली. का देऊ नये? आयुष्यभर देत आली होती. त्यानं घरमालकाचा टीव्ही नेला, मिक्सर नेला, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नेलं. घरमालक येऊन पॅसेजमध्ये मालनला नाही नाही ते बोलला. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा उद्योग? तुमचा काय संबंध?" सगळ्या मजल्यावर ऐकू जाईल असा आवाज, आणि एक दार उघडलं नाही. मालन दारात उभी राहून ऐकत होती. तिला त्या माणसाचा राग आला नाही, त्या बंद दारांचा आला. घरात जाऊन तिनं खालच्या ओळीतल्या चाव्या काढल्या, ज्याच्या त्याच्या दारात परत केल्या आणि मोकळे खिळे पक्कडीनं उपटून टाकले.

त्यानंतर समोरच्या जागेत अनुजा राहायला आली. सांगलीकडची, पाठीवर लॅपटॉप, माटुंग्याला कुठंसं संशोधन करायची. पोर गोड होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काकू, माझी एक चावी तुमच्याकडे ठेवू का?"

"नको गं बाई," मालन म्हणाली. "मी नाही ठेवत आता."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. अनुजाला मात्र राग आला नाही. रविवारी ती चहाला येऊन बसू लागली. संशोधन म्हणजे काय करतेस, असं मालननं एकदा विचारलं तेव्हा तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. पडद्यावर ठिपकेच ठिपके, रांगोळीसारखे. काही निळे, काही लाल.

"निळे दुसऱ्यासाठी काहीतरी करतात. लाल फक्त घेतात, देत नाहीत," अनुजा म्हणाली. "आता बघा, यांना जागेवरच बसवते."

ठिपके लुकलुकले. लाल ठिपके इकडेतिकडे पसरले, पण निळ्यांचे पुंजके झाले आणि ते पुंजके टिकून राहिले. काठावरचा एखादा निळा गळायचा, आतले एकमेकांना धरून असायचे. मालनला तिथं आपला माळा दिसला. हा तांडेलांचा, ही गंगुवहिनी, ही जिन्यालगतची मी.

"आता यांना भरभर फिरायला लावते."

ठिपके धावू लागले. कोण कुणाशेजारी आहे हेच कळेना. बघता बघता पडदा लाल होत गेला.

"फार फिरले की असं होतं," अनुजा म्हणाली. "घेणारा घेऊन पुढं जातो, त्याला कोण धरणार? पण फिरणं नेहमी वाईटच असतं असं नाही हां काकू. थोडं बेतानं, आणि जिथं आपलं भलं होतं तिकडंच जायचं, असं फिरू दिलं की विखुरलेले निळे शोधत शोधत परत एकत्र येतात. ते बघायला फार छान वाटतं."

मालनचं लक्ष त्याकडे नव्हतं. कोपऱ्यात एक निळा ठिपका एकटा राहिला होता, सगळीकडून लाल. ती त्याच्याकडेच बघत होती. तो लुकलुकला आणि दिसेनासा झाला.

"मेला गं तो?"

"नाही, मरत नाही," अनुजा म्हणाली. "तो आजूबाजूला बघतो, लालांचं बरं चाललेलं दिसतं, मग तोही लाल होतो. जागा तीच, फक्त रंग बदलतो."

तो ठिपका मालनच्या डोक्यातून गेला नाही. भांडी घासताना, देवापुढे वात लावताना तो दिसायचा. अनुजाचेही अकरा महिने भरले. ती मात्र पाया पडून, डोळे पुसून बंगलोरला गेली. तिच्या जागी कोण आलं, ते मालननं पाहिलंसुद्धा नाही.

आणि मग टकटक सुरू झाली.

दुपार कलताना, चहाचं आधण ठेवायच्या वेळी. चाळीतली पोरं शाळेतून यायची तीच वेळ. दारावर बोटांची टकटक आणि "काकी, चावी!" पहिल्यांदा मालन हात पुसत धावली. दार उघडलं तर पॅसेजमध्ये ट्यूबलाइट आणि कुणाचा तरी चपलांचा स्टँड. पुन्हा एकदा तसंच. मग पुन्हा. त्या इमारतीत दारावर टकटक करतंच कोण? प्रत्येक दाराला बेल होती, वॉचमन बेल वाजवी, पार्सलवाला बेल वाजवी. बोटांनी दार वाजवणारी माणसं भिवाशेटच्या चाळीतली, आणि चाळ तर उरली नव्हती.

मालनला भीती वाटली, खोटं कशाला सांगायचं? पलीकडे चाळीच्या जागेवर मोठं मशीन जमिनीत खांब ठोकायचं, आणि त्या प्रत्येक ठोक्यासरशी इकडे दारामागच्या चाव्या थरथरायच्या. ज्या खोल्या राहिल्या नाहीत त्यांच्या चाव्या, त्या खोल्यांच्याच जमिनीवरच्या घावांनी. मालन पाटावर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. कुणीतरी बाहेर उभं आहे आणि त्याला आपली खोली उघडायची आहे, हे तिला चाव्यांच्या हलण्यावरून कळायचं.

तिला आईचं सांगणं आठवलं. मालवणकडच्या त्यांच्या गावी भर दुपारी आणि तिन्हीसांजेला एका हाकेला कुणी ओ देत नसे. दोन हाकांनाही नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारील. दुसरं काही असेल तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही. चाळीत ही रीत मालन साफ विसरली होती, कारण तिथं पहिल्या हाकेलाच चावी हातात पडायची. आता तिनं ती पुन्हा धरली. टकटक झाली की ती जागची हलायची नाही, नुसतं ऐकायची. तिसरी हाक कधीच यायची नाही. मग आवाज बंद व्हायचा आणि ती चहा गाळायची.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी मशीन बंद होतं. चाव्या गप्प होत्या. तरी दार वाजलं. आज बोटं जरा जड होती, पोराची नव्हती.

"मालन! चावी दी गो."

गंगुवहिनींचा आवाज. इतके दिवस पोरांचे आवाज यायचे, मोठ्या माणसाचा कधी आला नव्हता. गंगुवहिनी तर दीपककडे बदलापूरला. नव्या जागेत एकदाच येऊन गेल्या होत्या, त्याही दीपकचा हात धरून, कारण त्यांना अलीकडे विसरायला व्हायचं. मग हा आवाज कुणाचा? वहिनी गेल्या तर नाहीत? गेलेलं माणूस आपली वस्तू मागायला येतं, हेही आईनंच सांगितलेलं.

"मालन, आसंस मा आत? चावी दी."

दोन. मालननं पदर तोंडावर धरला आणि तिसरीची वाट पाहू लागली. दाराला बघायचं भोक होतं, पण उठून त्याला डोळा लावायचं धाडस होईना. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. नको उठायला, असं वाटत होतं. उठलं की पुन्हा कुणाचं तरी व्हावं लागतं. बाहेर पावलं घोटाळली, चपला फरफटत लिफ्टकडे गेल्या. तिसरी हाक आली नाही. भुताच्या चपला वाजतात का, हा विचार मालनच्या मनात आला आणि तिनं तो झटकून टाकला.

ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. दीपक होता.

"काकी, आई तुमच्याकडे आली काय?" त्याचा आवाज चिरकत होता. "ती दुपारपासून नाय घरात. बाजूचे बोलतात स्टेशनकडे गेली. चावी, चावी करत होती सकाळपासून. मला वाटलं कपाटाची मागते. काकी? ऐकताय ना?"

"तू ये," मालन म्हणाली. "लालबागला ये. मी बघते."

दार वाजवलं होतं ते हाडामांसाच्या माणसानं. डोक्यातलं सगळं निसटत चाललेली ती बाई एक गोष्ट पक्की धरून बदलापूरहून इथवर आली होती, की आपली चावी मालनकडे आहे. गर्दीतून, गाड्या बदलत, कुणाकुणाला विचारत. आणि मालन आत बसून हाका मोजत होती.

तिनं फळीवर हात फिरवला. नाडीचा तुकडा बोटांना लागला. ती चावी मुठीत धरून ती बाहेर पडली आणि आधी मजल्यावर दारोदार बेल दाबत सुटली. "एक म्हातारी पाहिलीत का? आत्ता दुपारी?" दोन दारं उघडलीच नाहीत. तिसऱ्यातून कुणी तरी आतूनच म्हणालं, "नही चाहिए." खाली वॉचमन म्हणाला, "वो बुढ्ढी अम्मा? आपके यहाँ ही तो गई थी. फिर नीचे आके इधर बैठी थोडा टाइम. मैंने पूछा तो बोली, घर जाती हूँ."

घर म्हणजे कुठलं, हे त्या वॉचमनला कळणं शक्य नव्हतं. मालनला कळलं. ती निघाली. गुडघे दुखत होते, पूल उतरताना दम लागला, सिग्नलला एका टेंपोवाल्यानं शिवी घातली. आयुष्यात इतकी ती कधी घाबरली नव्हती, सीताराम गेला तेव्हाही नाही, कारण तेव्हा सोबत अख्खी चाळ होती. वाटेत डंपर होते, उघडे खड्डे होते. गंगुवहिनी पत्र्याच्या फटीतून आत शिरल्या असल्या तर? तिनं त्यापुढचा विचार केला नाही.

चाळ पाडताना तोंडाशी असलेलं साईबाबांचं छोटं देऊळ तेवढं ठेवलं होतं, पत्र्यांच्या बाहेर. त्याच्या कट्ट्यावर गंगुवहिनी बसल्या होत्या. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या, पदर डोक्यावर, हातात प्लास्टिकची पिशवी. घराचं दार उघडायची वाट बघत बाई जशी जिन्यात बसते तशा बसल्या होत्या.

मालनला रडूच फुटलं. ती शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला. हात थंड होता पण माणसाचा होता. "वहिनी," ती म्हणाली. "वहिनी, चला."

गंगुवहिनींनी तिच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, पण त्या नजरेत मालन नव्हती.

"तुमी कोण?"

मालननं मूठ उघडून चावी पुढं केली. नाडीचा तुकडा बघताच म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं चावी घेतली, उलटसुलट करून बघितली, कमरेला खोचली.

"हीच. तुमच्याकडे कशी ही? मालनीन दिल्यान?"

"हो," मालन म्हणाली. "तिनंच दिली."

"बघा!" गंगुवहिनी समाधानानं मान हलवत म्हणाल्या. मग पुढं झुकून, गुपित सांगावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी गेलंय तिच्याकडे. दोनदा हाक मारलंय. आत कोणतरी होता, भांड्याचो आवाज येय होतो. पण दार उघडूक नाय."

मालन त्यांचा हात धरून बसली होती. पत्र्यांच्या मागं दिवे लागले.

"मालन असा करूची नाय," गंगुवहिनी म्हणाल्या. "माझी मालन पयल्या हाकेक येता. थय आता दुसराच कोणतरी ऱ्हवता."

"हो," मालन म्हणाली.

दीपक टॅक्सीतून उतरून धावत आला. आईला मिठी मारली, तिच्यावर ओरडला, रडला, मालनच्या पाया पडला. आईला टॅक्सीत बसवून दार लावताना त्याला काहीतरी सुचलं आणि तो मागं वळला.

"काकी, माणसं विसरते ती आजकाल. तुम्हाला ओळखलं ना?"

टॅक्सीच्या काचेतून गंगुवहिनी दिसत होत्या. एक हात कमरेच्या चावीवर, डोळे वर, जिथं दुसरा माळा होता त्या रिकाम्या जागेकडे.

"ओळखलं रे," मालन म्हणाली. "बरोबर ओळखलं."